कवळीचे मृदू अस्तर : मऊपणाची भौतिक चिकित्सा

'मऊ' हा मराठीतील नित्य वापराचा शब्द आहे. भात मऊ असतो, लोणी मऊ असते आणि रबरी चेंडूही मऊ असतो. बोटाने दाबल्यावर जे दबते ते मऊ, इतकाच व्यवहारातील अर्थ. परंतु दाब काढून घेतल्यावर काय होते, असा प्रश्न विचारला की या तिन्ही पदार्थांच्या वाटा वेगळ्या होतात. भात चेंगरतो, लोण्यावर बोटाचा ठसा राहतो, चेंडू मात्र तत्काळ पूर्वरूप धारण करतो. पदार्थविज्ञान ज्या गुणधर्मांना स्वतंत्र नावे देते, ते व्यवहारभाषेत एकाच शब्दाखाली नांदत असतात. कवळीच्या आतील बाजूस लावल्या जाणाऱ्या मृदू अस्तराचा विचार करताना हे भेद उलगडणे अगत्याचे ठरते. कारण वृद्ध व्यक्तीला घास वेदनेविना चावता येणे किंवा न येणे त्यांच्यावर अवलंबून असते.

अस्तराचे प्रयोजन

दात गेल्यानंतर जबड्याच्या हाडाचा उंचवटा हळूहळू झिजत जातो. ही झीज वरच्या जबड्यापेक्षा खालच्या जबड्यात अधिक होते आणि तेथे कवळीला टेकण्यासाठी मिळणारे क्षेत्रही कमी असते. कवळीचा पाया सामान्यतः पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेट या अ‍ॅक्रिलिक वर्गातील कठीण द्रव्याचा असतो. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे द्रव्य प्रचारात आले आणि पूर्वीच्या कठीण रबराची जागा त्याने घेतली. खाली हाड, वर हा कठीण पाया आणि दोहोंच्या मध्ये हिरडीची पातळ त्वचा, अशी चावतानाची स्थिती असते. ज्यांची त्वचा नाजूक झाली आहे किंवा ज्यांच्या हाडाला धारदार कंगोरे आले आहेत, त्यांना प्रत्येक घास दुखतो. कोटाचे अस्तर कापड आणि अंग यांच्यामध्ये असते, तसे मृदू अस्तर पाया आणि हिरडी यांच्यामध्ये राहून दाबाचे वितरण करते व आघाताचा काही अंश स्वतः शोषून घेते.

उसना मऊपणा आणि अंगभूत मऊपणा

दीर्घकाळ वापरावयाची अस्तरे मुख्यत्वे दोन कुळांतील असतात : अ‍ॅक्रिलिक आणि सिलिकोन. दोहोंच्या मऊपणाचे मूळ भिन्न आहे. लांबच लांब साखळ्यांच्या रेणूंनी बनलेल्या अशा द्रव्यांना बहुवारिके म्हणतात. त्यांपैकी प्रत्येकाचे एक विशिष्ट तापमान असते. त्याखाली साखळ्या जखडल्या जाऊन द्रव्य काचेसारखे कडक होते. त्यावर साखळ्यांना हालचाल करता येते आणि द्रव्य मऊ पडते. याला काच-संक्रमण तापमान असे म्हणतात. कवळीच्या पायातील पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेटचे हे तापमान सुमारे १०५ अंश सेल्सिअस, तर अ‍ॅक्रिलिक अस्तरांत पुष्कळदा वापरल्या जाणाऱ्या पॉलिइथाइल मेथॅक्रिलेटचे सुमारे ६५ अंश असते. तोंडाचे तापमान सुमारे ३७ अंश. म्हणजे दोन्ही द्रव्ये तोंडात स्वभावतः कडकच राहणार.

त्यांना मऊ करण्यासाठी प्लास्टिसायझर मिसळतात. त्याचे छोटे रेणू लांब साखळ्यांच्या मध्ये शिरतात, साखळ्यांना एकमेकींपासून दूर ठेवतात आणि काच-संक्रमण तापमान खाली आणतात. हा मऊपणा उसना आहे. अनेक अस्तरांत प्लास्टिसायझर साखळ्यांशी रासायनिक बंधाने जोडलेला नसतो. तो लाळेत हळूहळू झिरपत जातो, त्याच्या जागी काही प्रमाणात पाणी शिरते आणि काही महिन्यांत अस्तर पुन्हा कडक होऊ लागते.

सिलिकोनची गोष्ट निराळी आहे. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या आळीपाळीने येणाऱ्या अणूंचा त्याचा कणा अतिशय लवचीक असतो. त्याचे काच-संक्रमण तापमान शून्याखाली १०० अंशांहूनही कमी आहे. त्यामुळे तोंडात ते अंगभूत मऊ असते आणि हा मऊपणा अधिक काळ टिकतो.

मापन आणि जाडी

मऊपणाचे मापन बहुधा 'शोर ए' या मोजपट्टीवर करतात. बोथट टोकाची सुई द्रव्यात किती रुतते, यावरून ० ते १०० या दरम्यान अंक मिळतो. अंक जितका लहान, तितके द्रव्य मऊ. दीर्घकालीन अस्तरांविषयीच्या आयएसओ १०१३९ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या दुसऱ्या भागात 'मृदू' आणि 'अतिमृदू' असे दोन प्रकार मानले असून त्यांची सीमारेषा २५ या अंकापाशी आहे.

तथापि हा अंक पुरेसा नाही. अस्तर फार पातळ असेल, तर त्यामागील कठीण पायाच जाणवू लागतो. म्हणून साधारणतः २ ते ३ मिलिमीटर जाडी इष्ट मानली जाते. परंतु तेवढी जागा करण्यासाठी पाया तासावा लागतो आणि पातळ झालेली खालची कवळी मोडण्याचा संभव वाढतो. मऊपणासाठी दिलेली किंमत अशा प्रकारे बळकटपणातून वसूल होते.

काळाचा अंश

दाबाला द्रव्य किती वेगाने प्रतिसाद देते, हाही महत्त्वाचा भाग आहे. सिलिकोन चेंडूप्रमाणे लगेच पूर्ववत होते. त्याच्यात स्थितिस्थापकता प्रधान असते. प्लास्टिसायझरयुक्त अ‍ॅक्रिलिक काहीसे दाट काकवीसारखे वागते : जलद आघाताला ते विरोध करते, दीर्घ दाबाखाली मात्र सावकाश सरकते. या गुणाला श्यान-स्थितिस्थापकता म्हणतात. सुजलेल्या हिरडीला आराम देण्यासाठी काही दिवसांपुरते वापरले जाणारे ऊती-संस्कारक याच सरकण्याचा लाभ घेतात. हिरडीचा आकार सूज उतरताना बदलत जातो, त्याबरोबर तेही आकार बदलतात. मात्र त्यांतील अल्कोहोल लवकर निघून जात असल्याने ते वारंवार बदलावे लागतात.

बंधाचा प्रश्न

मऊपणाच्या बाबतीत सिलिकोन सरस ठरले, तरी पायाशी जुळण्यात ते मागे पडते. अ‍ॅक्रिलिक अस्तर आणि अ‍ॅक्रिलिक पाया एकाच रासायनिक कुळातील असल्याने सहज एकजीव होतात. सिलिकोनचे पायाशी असे नाते नाही. त्यासाठी विशेष चिकटद्रव्य लागते. कडा सुटू लागल्या की फटीत अन्नकण व लाळ साचते आणि कॅन्डिडा या बुरशीला आश्रय मिळतो. कठीण ब्रशने घासल्यास पृष्ठभाग खरबरीत होतो आणि तेथे बुरशी अधिक सहजपणे चिकटते. काही स्वच्छताद्रव्येही विशिष्ट अस्तरांना अपायकारक ठरतात. त्यामुळे कवळी कशी धुवावी हे अस्तर कोणत्या कुळातले आहे, त्यावर ठरते.

समारोप

जे मऊ राहते ते सहजी जुळत नाही आणि जे सहजी जुळते ते मऊ राहत नाही, हा या द्रव्यांतील मूलभूत पेच आहे. सर्व गुण एकत्र असलेले अस्तर अद्याप उपलब्ध नाही. म्हणून निवड रुग्णाच्या हिरडीची अवस्था, पायाची जाडी आणि वारंवार तपासणीस येण्याची शक्यता यांवर आधारावी लागते. 'मऊ अस्तर बसवले' एवढेच ऐकून घरी गेलेली व्यक्ती ते कायमचे समजते. काही महिन्यांनी पुन्हा टोचू लागले की दोष आपल्या हिरडीचा मानते आणि कवळी वाटीत ठेवून देते. मग आहारातून भाकरी, कच्च्या भाज्या, दाणे एकेक करून वजा होतात. हा मऊपणा कोठून आला, किती टिकेल आणि कशाने जाईल, हे तिच्या भाषेत आधीच सांगितलेले असेल, तर ती कवळी वाटीत न ठेवता वेळेवर अस्तर बदलून घेण्यासाठी येण्याची शक्यता अधिक.