जिन्यातला दिवा आणि अडकलेला सूर

एका वाचकाने विचारलंय: ‘आर्डुइनोवर मिडी कंट्रोलर बनवला. बटण एकदा दाबलं तरी सूर दोनदा वाजतो, आणि कधीकधी वाजतच राहतो. वायरिंग चुकलंय का?’

वायरिंग बहुधा ठीक आहे. बटणातल्या धातूच्या पट्ट्या एकमेकींवर आदळल्या की चेंडूसारखे बारीक टप्पे खातात. दोन-चार मिलिसेकंदांचा खेळ. बोटाला कळतही नाही. पण सेकंदाला हजारो वेळा डोकावणाऱ्या चिपला प्रत्येक टप्प्यावर बटण नव्याने दाबलंसं वाटतं. म्हणून पहिला बदल दिसताच निरोप धाडावा आणि पुढचे पाच-दहा मिलिसेकंद चक्क कानाडोळा करावा.

अडकलेला सूर जास्त मजेशीर. मिडी ही वाद्यांनी एकमेकांना निरोप धाडायची भाषा. तिच्या वायरीतून आवाज जात नाही, नुसते आकडे जातात. १४४, ६०, १०० म्हणजे पहिल्या चॅनलवर मधला सी, इतक्या जोराने. तो थांबवायला १२८, ६०, ० असा वेगळा निरोप लागतो. आता सी दाबून ठेवा, दुसऱ्या हाताने ‘सप्तक वर’चं बटण दाबा आणि मग सी सोडा. साधा प्रोग्राम बंद करायला सांगतो ७२ला. साठ बिचारा कोकलत राहतो! दाबताना कोणता आकडा पाठवला तो टिपून ठेवायचा आणि सोडताना तोच पाठवायचा, एवढाच उपाय.

ही भाषा लोकांसमोर आली १९८३च्या जानेवारीत. कॅलिफोर्नियातल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात अमेरिकेचा प्रॉफेट-६०० आणि जपानच्या रोलंडचा ज्युपिटर-६ हे सिंथेसायझर एकमेकांना जोडून दाखवले गेले. २०१३मध्ये त्यासाठी प्रॉफेटचे डेव्ह स्मिथ आणि रोलंडचे इकुतारो काकेहाशी यांना तांत्रिक ग्रॅमी मिळालं. पण १९८१चा मूळ प्रस्ताव स्मिथने चेट वुडबरोबर लिहिला होता. हा वुड कोणाच्या खिजगणतीत नसतो, याची मला उगीच चुटपुट लागते.

तुमच्या कंट्रोलरच्या बटणांत दिवे असतील, तर आणखी एक घोळ होतो. तोच आपल्या जिन्यात रोज होतो. खाली एक बटण, वर एक, दिवा एकच. वरचं बटण खाली झुकलंय म्हणजे दिवा चालू की बंद? सांगता येत नाही. दिव्याकडेच बघावं लागतं. कंट्रोलरवरून ट्रॅक म्यूट केला आणि संगणकावर माउसने पुन्हा उघडला, तर कंट्रोलरचा दिवा खोटं बोलू लागतो. बटणाने फक्त ‘दाबलं’ एवढंच कळवावं. दिवा लावायचा की नाही, ते संगणकाने परत सांगावं. आणि तो उलट निरोप आला की फक्त दिवा बदलावा. पुन्हा ‘दाबलं’ म्हणून परत पाठवला, तर दोघांच्या टोलवाटोलवीत रात्र सरेल.

एक खोच राहिली. ३१,२५० बिट प्रतिसेकंद या वेगात तीन आकड्यांना जवळजवळ एक मिलिसेकंद लागतो. म्हणून मिडीत एक काटकसर आहे: लागोपाठ येणाऱ्या निरोपांत १४४ पुन्हा म्हणायचा नाही. ती साधावी म्हणून बऱ्याच वाद्यांत बंदचा निरोपही १४४च्याच नावाने, जोर शून्य लावून जातो. तुमचा दिवा बोट उचलल्यावर पेटत असेल, तर आधी तिथे बघा.