मिथेनॉलवर पोसलेलं विकर

संपादकांनी पाठवलं ते दारू मोजणाऱ्या सेन्सरच्या मागावर. तसा तो आडून ओळखीचाच. जुन्या जालन्यात कुठल्याही औषधाच्या दुकानात साखर तपासायच्या पट्ट्या मिळतात, त्यांचाच हा भाऊबंद. इलेक्ट्रोडवर विकर बसवायची युक्ती क्लार्क आणि लायन्स यांनी 1962 साली मांडली. साखरेची पट्टी घरोघरी गेली. दारूची मात्र प्रयोगशाळेतच घुटमळत राहिली.

घोळ आहे तो विकराचा. अल्कोहोल ऑक्सिडेज हे आठ तुकड्यांचं अवजड प्रथिन पिकियासारख्या यीस्टमधून काढतात. ते अल्कोहोलला ऑक्सिजनशी भिडवतं. त्यातून अॅसिटाल्डिहाइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड निघतं. पट्टीवरच्या कार्बनच्या काळ्या ठिपक्याशी पेरॉक्साइडचं विघटन होतं आणि इवलासा करंट वाहतो. जितकी दारू, तितका करंट. पण त्यासाठी 0.6 ते 0.7 व्होल्ट लावले, तर वाइनमधली पॉलिफेनॉल्स आणि क जीवनसत्त्वही करंट देऊ लागतात. म्हणून कार्बनवर प्रशियन ब्लूचा लेप देतात. चित्रकारांचा तो गडद निळा रंग पेरॉक्साइडला जवळजवळ शून्य व्होल्टवरच पकडतो. मला या सगळ्या खटाटोपात हाच भाग सर्वांत देखणा वाटला.

पुढे मात्र अडचणींची रांग आहे. 12 टक्क्यांच्या वाइनमध्ये लिटरमागे सुमारे दोन मोल अल्कोहोल असतं. एवढ्यात विकर केव्हाच तृप्त होतं, म्हणून नमुना शेकडो पट पातळ करावा लागतो, आणि तिथे हात दोन टक्क्यांनी चुकला की उत्तरही तेवढंच चुकतं. ऊर्ध्वपातन करून हायड्रोमीटर बुडवायची जुनी पद्धत वेळखाऊ खरी, पण तिला असले लाड लागत नाहीत. शिवाय साखरेच्या पट्टीतलं ग्लुकोज ऑक्सिडेज मुळात चिवट. अल्कोहोल ऑक्सिडेज तसं नाही. जालन्याच्या मे महिन्यात पट्टी फ्रिजबाहेर राहिली, तर तिच्या आकड्यावर मी तरी विसंबणार नाही.

खरी धास्ती वेगळीच आहे. हे यीस्ट मिथेनॉलवरही जगतं, त्यामुळे विकरही इथेनॉलपेक्षा मिथेनॉलवर जोरात तुटून पडतं. जून 2015 मध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉलमिश्रित दारूनं शंभराहून अधिक जीव घेतले. तसल्या दारूत ही पट्टी बुडवली, तर ती ठणठणीत आकडा दाखवेल. हे विष आहे, असं सांगणार नाही. अल्कोहोल डिहायड्रोजनेज हे दुसरं विकर मिथेनॉलकडे फारसं वळत नाही. दोन्ही विकरांच्या पट्ट्या शेजारी ठेवल्या, तर आकड्यांतल्या तफावतीवरून संशय घेता येईल. मात्र या दुसऱ्याला जोडीला एनएडी हे सहविकर द्यावं लागतं. ते महाग, आणि उष्ण-दमट हवेत तेही नासतं.