बिंदगीतली आंबील आणि आतड्यातील सृष्टी

मार्गशीर्ष अमावस्येला लातूर जिल्ह्यातील गावे ओस पडतात आणि शिवारे माणसांनी भरून जातात. वेळ अमावस्या, बोलीत ‘येळवस’, या नावाने लातूर, धाराशिव आणि लगतच्या कर्नाटकातील बिदर-कलबुर्गी या पट्ट्यात साजऱ्या होणाऱ्या या सणाला रानात कडब्याची खोप उभी राहते, तीत पांडवांची पूजा होते आणि घरून आणलेला स्वयंपाक पंगतीने खाल्ला जातो. त्या स्वयंपाकात तूर, हरभरा, वाटाणा यांच्या कोवळ्या दाण्यांची व पालेभाज्यांची भज्जी असते, उंडे असतात आणि बिंदगीतून, म्हणजे घागरीसारख्या भांड्यातून, डोक्यावर आणलेली ज्वारीचे पीठ आणि ताक यांची आंबील असते, जिच्यावाचून हा सण साजरा झाला असे कोणी मानत नाही.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या दृष्टीने पाहिले, तर या एका जेवणात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र येतात. ताकातून येणारे जिवंत लॅक्टिक आम्ल जिवाणू ही त्यांपैकी एक. ज्वारी, तूर, हरभरा आणि लसूण यांतून येणारे, माणसाच्या पाचकरसांना न पचणारे परंतु जिवाणूंना पचणारे तंतू व शर्करा ही दुसरी. प्रोबायोटिक जिवाणू, आतडे आणि रोगप्रतिकारशक्ती यांच्या संबंधाबाबत शतकभरात जे ज्ञान जमा झाले आहे, त्याचा कल या जोडीकडेच आहे: आतड्याचे आरोग्य केवळ जिवाणू गिळून राखता येत नाही, तर त्यांना आणि आधीपासून तेथे वस्ती करून असलेल्यांना पोसणारे अन्नही रोज पोटात जावे लागते.

संकल्पनेचा उगम आणि व्याख्या

१९०५ साली बल्गेरियाचे स्टामेन ग्रिगोरोव्ह यांनी आपल्या देशातील दह्यात दंडाकार जिवाणू ओळखला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील इल्या मेचनिकॉफ यांनी त्यावरून पुढे असा तर्क मांडला की, बल्गेरियातील शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्यामागे हे आंबट दूध असावे. शरीरातील पेशी रोगजंतूंना गिळून कशा नष्ट करतात हे दाखवणाऱ्या मेचनिकॉफ यांना १९०८ साली पॉल अर्लिक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले, आणि आहार, जिवाणू आणि प्रतिकारशक्ती हे तीन विषय एकाच शास्त्रज्ञाच्या कार्यात जवळ आले.

‘प्रोबायोटिक’ या शब्दाची आज रूढ असलेली व्याख्या संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञगटाने २००१ साली केली. पुरेशा प्रमाणात दिल्यावर घेणाऱ्याच्या आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव ते प्रोबायोटिक, असा तिचा आशय आहे. जिवंतपणा, पुरेशी संख्या आणि सिद्ध झालेला लाभ या तिन्ही अटी तीत आवश्यक आहेत. भारतात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०११ साली याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार प्रोबायोटिक म्हणवणाऱ्या अन्नाच्या दिवसभराच्या मात्रेत सर्वसाधारणपणे किमान १० कोटी जिवंत सूक्ष्मजीव असावे लागतात. या कसोटीवर घरचे दही किंवा आंबील हे काटेकोर अर्थाने ‘प्रोबायोटिक’ ठरत नाही, कारण त्यातील वाण आणि संख्या घरोघर बदलते; त्याला ‘जिवंत जिवाणू असलेले आंबवलेले अन्न’ म्हणणे अधिक अचूक होय.

आतड्याची भिंत आणि प्रतिकारशक्तीची तालीम

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, म्हणजे जवळजवळ त्याच्या स्वतःच्या पेशींइतकेच. त्यांचे एकूण वजन सुमारे २०० ग्रॅम भरते आणि त्यांतील बहुसंख्य मोठ्या आतड्यात राहतात. ही वस्ती आणि रक्त यांच्यामध्ये पेशींचा केवळ एकपदरी थर असतो. त्यावर बुळबुळीत श्लेष्माचे आवरण असते आणि दोन पेशींमधील फट प्रथिनांच्या घट्ट सांध्यांनी बंद केलेली असते. शरीराच्या प्रतिकारयंत्रणेचा फार मोठा भाग याच भिंतीलगत तैनात असतो, कारण बाहेरचे जग शरीराला सर्वाधिक भिडते ते येथेच.

उपयुक्त जिवाणू या ठिकाणी अनेक प्रकारे काम करतात. ते जागा आणि अन्न आधीच व्यापतात, त्यामुळे रोगजंतूंना पाय रोवणे अवघड जाते. लॅक्टिक आम्ल व इतर द्रव्ये सोडून परिसर रोगजंतूंना प्रतिकूल करतात. काही वाण पेशींमधील सांधे घट्ट राखण्यास मदत करतात. आतड्याच्या अस्तरात ‘पेयर चकत्या’ नावाचे लसिकापेशींचे पुंजके असतात. तेथील विशेष पेशी आतड्यातील जिवाणूंचे नमुने आत घेऊन वृक्षाभ पेशींपुढे ठेवतात, आणि कोणाशी लढायचे व कोणाला सहन करायचे याचे शिक्षण प्रतिकारपेशींना तेथून मिळते. त्यातून आयजीए हे प्रतिपिंड तयार होऊन श्लेष्मात पसरते, आणि दाह आवरणाऱ्या नियामक टी पेशीही घडतात.

जिवाणू तंतू आंबवतात तेव्हा ब्युटिरेट हे आखूड साखळीचे मेदाम्ल तयार होते. मोठ्या आतड्याच्या अस्तरपेशींचे ते मुख्य इंधन असून नियामक टी पेशींच्या वाढीलाही त्याची मदत होते. म्हणूनच ‘प्रतिकारशक्ती वाढवणे’ हा जाहिरातींतील शब्दप्रयोग अपुरा आहे. अनावर झालेली प्रतिकारशक्ती स्वतःच आजार ठरते, आणि जिवाणूंचे खरे योगदान तिला तोल शिकवण्यात आहे.

पुरावा काय सांगतो

या विषयातील एक महत्त्वाचा पुरावा भारतातूनच आला. ओडिशाच्या ग्रामीण भागात ४,५५६ नवजात बालकांवर झालेल्या आणि २०१७ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, निम्म्या बालकांना सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लँटारम या जिवाणूचा एक वाण देण्यात आला. रक्तातील जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण औषधविरहित गटात ९ टक्के होते, ते वाण दिलेल्या गटात ५.४ टक्के आढळले. या मात्रेत जिवाणूसोबत त्याचे खाद्य असलेली एक शर्कराही होती. आंबिलीत ताकाला ज्वारीची जोड असावी, तशीच ती जोडी होती. कोलकात्यातील वस्त्यांमध्ये साडेतीन हजारांहून अधिक बालकांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत, बारा आठवडे प्रोबायोटिक पेय घेणाऱ्या मुलांत अतिसाराचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले.

उलट बाजूही तितकीच नीट नोंदवली पाहिजे. अमेरिका आणि कॅनडा येथील दोन मोठ्या चाचण्यांत, ज्यांचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले, जुलाब-उलट्यांनी आजारी असलेल्या बालकांना प्रोबायोटिक देऊन काहीही फायदा दिसला नाही. प्रतिजैविकांमुळे मुलांना होणाऱ्या जुलाबांबाबत मात्र ३३ चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात हे प्रमाण १९ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आलेले आढळले. त्याच सुमारास इस्राएलमधील संशोधकांनी दाखवले की, प्रतिजैविकांनंतर अनेक वाणांचे मिश्रण घेणाऱ्या प्रौढांची स्वतःची जिवाणुवस्ती पूर्ववत होण्यास उलट अधिक वेळ लागला. निष्कर्ष असा की, वाण, वय, आजार आणि मात्रा यांवर परिणाम ठरतो. एका वाणाचे यश दुसऱ्याच्या नावे मांडता येत नाही. अपुऱ्या दिवसांची बालके आणि प्रतिकारशक्ती अतिशय क्षीण झालेले रुग्ण यांना तर अशी मात्रा वैद्यकीय सल्ल्याशिवाय देऊच नये.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरसारख्या प्रदेशात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. पाणी टंचाईने साठवून वापरावे लागते, हात धुण्यात काटकसर होते आणि अतिसाराला वाट मिळते. अशा वेळी जीव वाचवतात ते शुद्ध पाणी, क्षारसंजीवनी आणि मुलांसाठी जस्ताची मात्रा. कोणताही जिवाणू त्यांची जागा घेऊ शकत नाही.

ताटातील दुसरे अंग

मराठवाड्याच्या पारंपरिक ताटात जिवाणूंच्या खाद्याची कमतरता कधीच नव्हती. ज्वारीच्या भाकरीतील तंतू आणि सहज न पचणारा पिष्टांश, तुरीच्या वरणातील रॅफिनोज व स्टॅकिओज या शर्करा, कांदा-लसणातील फ्रुक्टन हे सारे लहान आतड्यातून न पचता पुढे जाते आणि मोठ्या आतड्यातील जिवाणूंच्या वाट्याला येते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतीयांच्या आतड्यात प्रीव्होटेला आणि मेगास्फेरा या जिवाणूंचे आधिक्य आढळले. यांतील प्रीव्होटेलाचा संबंध तंतुमय, वनस्पतिप्रधान आहाराशी जोडला जातो.

आंबील करण्याची रीत मात्र येथे निर्णायक ठरते. पीठ ताकात भिजवून आंबवले आणि नंतर शिजवले, तर आंबवण्याने फायटेट घटून लोहासारखी खनिजे अधिक सुलभतेने मिळतात, आम्लाची चवही राहते, परंतु उकळीत जिवाणू मरतात. पीठ आधी शिजवून, पूर्ण निववून त्यात ताक मिसळले, तर जिवाणू जिवंत पोटात जातात. कढीत ते उरत नाहीत, ताकात उरतात. हा साधा भेद ध्यानात ठेवल्यास स्वयंपाकघरातच पुष्कळ साधता येते.

विरजणाचा वारसा

जिवाणू आणि त्यांचे खाद्य यांची ही जोडी आता दोन्ही बाजूंनी सैल होत आहे. शिवारात ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली आणि ताटात भाकरीची जागा चपातीने. दूध डेअरीला जाऊ लागले, तसे घरचे घुसळण थांबले आणि पाहुण्यापुढे ताकाऐवजी चहा आला. देवणी आणि लाल कंधारी हे गोवंश लातूर व नांदेड जिल्ह्यांतील देवणी आणि कंधार या गावांची नावे सांगतात, आणि त्यांच्या जतनाची निकड आज सर्वमान्य आहे. पण त्या दुधाला लावले जाणारे विरजण हाही एक जिवंत वारसाच आहे. पिढ्यान्पिढ्या आजच्या दह्यातून उद्याचे दही लावताना, आणि ते नासले की शेजारच्या घरून वाटीभर मागून आणताना, जिवाणूंचे स्थानिक वाण माणसांच्या हातून जपले गेले आहेत.

हे वाण नोंदवणे, तपासणे आणि साठवणे शक्य आहे. त्यासाठी उदगीरचे दुग्धतंत्रज्ञान महाविद्यालय आणि १९९४ साली नांदेडला स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ यांसारखी ज्ञानकेंद्रे याच मातीत उभी आहेत. तो अभ्यास होईपर्यंत घरांनीही आपला वाटा उचलावा: रोजच्या जेवणात ज्वारी आणि डाळ राहावी, ताक राहावे आणि विरजणाची वाटी रिकामी होऊ नये. वर्षातून एकदा बिंदगीतून रानात जाणारी आंबील मग केवळ सणाची आठवण न उरता, उरलेल्या दिवसांच्या जेवणाचीही खूण होईल.