पाणी तपासायचं तर आधी उतार तपासा

२०२५ मध्ये २६ मे रोजीच मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. एरवीची तारीख ११ जून, याआधीचा विक्रम २९ मेचा. शहरात चर्चा रंगली ती भुयारी मेट्रोच्या स्थानकात शिरलेल्या पाण्याची. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर मात्र टँकरची वाट पाहण्याच्या दिवसांतच ओढे वाहू लागले. विहिरीचा गाळ काढणं, पाण्यात टाकायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर आणून ठेवणं ही कामं जूनच्या हिशेबाने चालतात. जंतू कॅलेंडर पाहत नाहीत.

उन्हाळ्यात इथल्या काळू आणि शाई या नद्या डोहाडोहांत तुटतात. गुरं, धुणं, आंघोळ सगळं त्याच डोहांवर. उतारांवर महिनोन् महिने शेण, विष्ठा, उकिरडे साठत जातात. पहिल्या जोरदार सरी हा सगळा ऐवज एकदम खाली उतरवतात, तेव्हा नदीत पाणी कमी आणि घाण जास्त असते. जुलै-ऑगस्टच्या पुरात तीच घाण पातळ होते, हिवाळ्यात पाणी निवळतं. शिवाय गढूळ पाण्यात क्लोरीन मातीतच खर्ची पडतो आणि जंतू कणांच्या आड तगून राहतात. त्यामुळे मापाने टाकलेली पावडरही अपुरी पडते. पटकी, कावीळ, हगवण या दिवसांत उगवतात त्या अशा. लेप्टोची वाट वेगळी: उंदीर-गुरांचं मूत्र खाचरात उतरतं आणि लावणीत पायाला पडलेल्या चिखल्यांतून रोग अंगात शिरतो.

आता सरकारी वेळापत्रक पाहा. गावच्या पाणीस्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण वर्षातून दोनदा होतं, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर. त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. पद्धत चांगली आहे, पण तिची नजर विहिरीच्या कठड्याभोवती फिरते. वरच्या उतारावर काय चाललंय, हे कार्डावर येत नाही.

आणि उतार तर झपाट्याने बदलतोय. फार्महाऊसचे प्लॉट, रिसॉर्ट, पोल्ट्रीच्या शेड आहेतच. त्यात समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला, म्हणजे जमिनीचे भाव आणखी चढणार. २०२२ मध्ये शहापूरच्या वेहळोलीत बर्ड फ्लूमुळे हजारो कोंबड्या माराव्या लागल्या, तेव्हा कुठे इथल्या पोल्ट्रीचा पसारा शहराच्या ध्यानात आला. बर्ड फ्लू पाण्यातून येणारा आजार नव्हे. पण २०२५ च्या जानेवारीत पुण्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराच्या रुग्णांमध्ये सापडलेला कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू कोंबड्यांच्या आतड्यात सुखाने नांदतो. उघड्यावर रचलेलं कोंबडीखत पहिल्या पावसात कुठे जाईल, हे सांगायला तज्ज्ञ नको. भातरोपांच्या राबासाठी शेतकरी पसरतो ते शेण निदान भाजलं तरी जातं!

उतार राखला तर काय होतं, याचा धडा शहापूर तालुक्यातच आहे. १८९२ मध्ये पूर्ण झालेल्या तानसा धरणाभोवतीचं जंगल मुंबईच्या पाण्यासाठी जपलं गेलं. आज ते अभयारण्य आहे. झाडांच्या मुळांनी आणि पालापाचोळ्याने गाळलेलं पाणी धरणात येतं. शुद्धीकरणाचं निम्मं काम तिथेच उरकतं, असं माझं मत. न्यूयॉर्कने हीच गोष्ट हिशेबात मांडली. कॅट्सकिलच्या डोंगरातलं पाणी गाळण्यासाठी अवाढव्य प्रकल्प बांधण्याऐवजी १९९७ मध्ये त्या शहराने वरच्या गावांशी करार केला. जमिनी राखणं, शेतकऱ्यांचं शेणखत नीट साठवणं, घरांच्या शौचटाक्या दुरुस्त करणं, यांवर शहर पैसे खर्च करू लागलं.

मुंबईला हे अवघड का वाटावं? भातसा धरणातून सोडलेलं पाणी नदीच्याच पात्रातून पिसे बंधाऱ्यापर्यंत वाहत येतं. तिथून ते उचलून पांजरापूरला शुद्ध होतं. शहराची तहान आहे म्हणून धरणाखालची भातसा भर मेमध्येही वाहती राहते. शहरासाठी नदी बारमाही आणि शेजारच्या पाड्यासाठी टँकर, हा हिशेब निदान स्वच्छतेपुरता तरी मिटवता येईल. पाण्याचे नमुने पहिल्या मोठ्या पावसाच्या दुसऱ्याच दिवशी घ्यावेत. कोंबडीखतावर छप्पर आणि ओढ्यांच्या काठी झाडांचा पट्टा सक्तीचा करावा. खर्चाचा वाटा मुंबईच्या पाणीपट्टीतून यावा. ती खेड्यांवर मेहेरबानी ठरणार नाही. पिसेला उचललेल्या पाण्याचीच ती किंमत असेल.