जुनी पद्मिनी मिसिंग करतेय? आधी प्लग वायर बघा

दादर-परळमधून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली, पण घरची पद्मिनी कुणीकुणी अजून जपलीय. ती मिसिंग करत असेल तर कार्ब्युरेटर खोलण्याआधी मी प्लग वायर बघतो. अंधारात इंजिन चालू ठेवा, हात लावू नका. वायरवर निळी ठिणगी दिसली की समजा, करंट लीक होतोय. सीएनजीला ठिणगीसाठी व्होल्टेज जास्त लागतं, त्यामुळे तिथे हा त्रास लवकर जाणवतो.

नवा सेट जुन्याच लांबीचा, कार्बन-कोअरचा घ्या. साध्या तांब्याच्या वायरने रेडिओ खरखरतो. इंजिन बंद, थंड. मोबाईलवर फोटो काढा, मग टोपी धरून एकेकच वायर बदला. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे. अदलाबदल झाली तर गाडी नीट चालणार नाही.