कुरळा केस पुन्हा कुरळा का होतो?

मृगाच्या सरी सुरू झाल्या की वर्गातल्या कुरळ्या केसांच्या मुलामुलींकडे जरा लक्ष देऊन पाहा. उन्हाळ्यात तेल चोपडून, घट्ट वेणी घालून आवरलेले केस आता कपाळावर आणि कानांमागे तारांसारखे वळून उभे राहू लागतात. "केस विंचरले नाहीस का?" असे कोणीतरी हटकतेच. विंचरलेले असतात, पण हवेतल्या ओलाव्यापुढे फणीचे काही चालत नाही. असे का होते ते समजायचे तर केसाच्या आत डोकवायला हवे. ते एकदा समजले, की घरी केसांवर कोणते प्रयोग करावेत आणि कोणते करू नयेत हेही ठरवता येते.

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. आपली नखे, मेंढीची लोकर, गाईची शिंगे यांतही केराटिनच असते. त्वचेच्या वर दिसणारा केस निर्जीव असतो. जिवंत भाग त्वचेखाली, केशकूपात. केस सरळ व्हायचा की कुरळा हे तिथेच ठरते. केशकूप सरळ असेल तर केस सरळ उगवतो. तो आकड्यासारखा वाकलेला असेल तर केस वळण घेऊनच बाहेर पडतो. असा केस आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तो गोल न दिसता चपटा, लंबगोल दिसतो. केशकूपाची ही ठेवण मुख्यतः आईवडिलांकडून येते. म्हणून कितीही वेळा मुंडण केले तरी कुरळे केस सरळ होणार नाहीत. वस्तरा केशकूपापर्यंत पोचतच नाही!

केराटिनचे लांब रेणू मळसूत्रासारखे वळलेले असतात. ही रचना लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ साली मांडली. या रेणूंना आकारात धरून ठेवणारे बंध मुख्यतः दोन प्रकारचे. एक बंध गंधकाच्या दोन अणूंमधला. तो मजबूत असतो आणि पाण्याने सुटत नाही. (केस जळताना जो उग्र वास येतो त्यात या गंधकाचा वाटा असतो.) दुसरा हायड्रोजन-बंध. तो एकेकटा दुबळा, पण संख्येने अगणित. केस भिजला की हे बंध सुटतात आणि वाळला की पुन्हा जुळतात. शिवणकामातला दाखला द्यायचा तर गंधकाचे बंध म्हणजे यंत्रावर घातलेली पक्की टीप आणि हायड्रोजन-बंध म्हणजे कच्चा धावदोरा.

हे करून पाहण्यासारखे आहे. फणीत निघालेला एक सरळ केस घ्या, पाण्यात भिजवा, पेन्सिलीभोवती घट्ट गुंडाळा आणि दोन्ही टोके दोऱ्याने बांधून रात्रभर वाळू द्या. सकाळी पेन्सिल अलगद काढा. केस छान कुरळा झालेला दिसेल. आता तो गरम चहाच्या कपावर, वाफेत धरा. वळण सैल पडून केस सरळ होऊ लागेल. दुसरीकडे एक कुरळा केस भिजवून त्याला टाचणी बांधा आणि ताणून टांगा. वाळल्यावर तो सरळ दिसेल. पण पाण्याचे चार थेंब पडताच पुन्हा वळेल. दोघांनाही उसना आकार पाण्याने सोडावा लागला आणि दोघेही जन्माच्या आकाराकडे परतले. पावसाळ्यात तुमच्या वर्गात हेच घडत असते. दमट हवेतली वाफ केसात शिरते, धावदोरा उसवतो आणि फणीने बसवलेले केस उठतात.

जन्माचा आकार बदलायचा तर गंधकाची टीपच उसवावी लागते. कार्ल नेसलर या जर्मन केशभूषाकाराने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लंडनमध्ये तो उद्योग केला. केसांना टाकणखाराचा लेप लावून ते पितळी दांड्यांभोवती गुंडाळायचे आणि तापवायचे! १९४० च्या सुमारास उष्णतेऐवजी हे बंध तोडणारी रसायने आली. केस सरळ करणाऱ्या काही लेपांतून तापवताना फॉर्मॅल्डिहाइड वायू सुटतो. तो डोळ्यांना आणि श्वासाला घातक आहे. हे काम घरच्या न्हाणीघरात करण्याचे नव्हे. आणि एवढे करूनही मुळाशी उगवणारा नवा केस कुरळाच येतो, कारण केशकूप तसाच असतो.

काही जण कपड्यांची इस्त्रीच केसांवर फिरवतात. हा सर्वांत वाईट प्रयोग. सुती कपड्यांसाठी ठेवलेली इस्त्री २०० अंश सेल्सियसच्या आसपास तापते. केस ओलसर असेल तर आतल्या पाण्याची एकदम वाफ होऊन केसात बुडबुडे तयार होतात आणि तो तिथेच तुटतो. निर्जीव केस स्वतःला दुरुस्त करू शकत नाही. महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर या वेगाने ३० सेंटिमीटर केस पुन्हा वाढायला अडीच वर्षे लागतात.

मग कुरळ्या केसांची निगा राखायची कशी? टाळूतून पाझरणारे तेल सरळ केसावरून सहज खाली उतरते. वळणावळणाच्या केसावर ते टोकापर्यंत पोचत नाही. त्यामुळे टोके कोरडी राहतात. केसाच्या पृष्ठभागावर कौलांसारखे खवले असतात. कोरडे, उचललेले खवले एकमेकांत अडकून गुंता होतो. म्हणून असे केस कोरडे असताना बारीक फणीने ओढू नयेत. ओले असताना थोडे तेल किंवा कंडिशनर लावून, मोठ्या दातांच्या फणीने टोकापासून वर असे विंचरावेत. आजीचा न्हाण्यापूर्वी खोबरेल लावण्याचा आग्रहही निराधार नाही. मुंबईतील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांपैकी फक्त खोबरेलाने धुण्यात होणारी प्रथिनांची गळती कमी झाली. संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले होते, हेही ध्यानात असू द्या.

धुण्यासाठी काय वापरावे, हे हळदीला विचारा. हळदीच्या पाण्यात टीपकागद बुडवून वाळवा. त्यावर साबणाचे पाणी टाकले की तो लाल होतो. शिकेकाईच्या पाण्याने पिवळाच राहतो. साबण अल्कधर्मी असतो आणि अल्काने केस फुगून खवले उचलले जातात. विहिरीच्या दुष्फेन पाण्यात साबणाचा चिकट साका केसांवर बसतो तो वेगळाच. रिठ्याला मात्र त्याच पाण्यातही फेस येतो. दोन बाटल्या हलवून पाहा. लिंबाचा रस आम्ल असतो म्हणून तो तसाच चोळणे बरे नव्हे. टाळूची आग होईल. अंडे लावायचेच असेल तर निदान गरम पाण्याने धुऊ नका, केसांत त्याची भुर्जी होईल!

केसाच्या या ओलावा-वेडाचा उपयोग जिनीव्हाच्या ओरास सोश्युअर यांनी केला. हवा पूर्ण कोरडी असताना आणि पूर्ण दमट असताना केसाच्या लांबीत दोन-अडीच टक्के फरक पडतो. त्यावर चालणारा आर्द्रतामापक त्यांनी बनवला आणि १७८३ साली त्यावर ग्रंथ लिहिला. तुम्हीही तो बनवू शकाल. इथे मात्र सरळ, लांब केस सोयीचा. तो साबणाने धुऊन तेलकटपणा घालवा. एक टोक खोक्याच्या वरच्या कडेला चिकटवा आणि दुसरे टोक टाचणीवर फिरणाऱ्या झाडूच्या काडीला, टाचणीपासून १ सेंटिमीटरवर बांधा. केस ताणलेला राहील इतपतच वजन काडीला लावा. काडीचा दुसरा हात १० सेंटिमीटरचा ठेवला तर केसाची हालचाल दसपट मोठी दिसेल. मागे कागद लावून रोज सकाळी शाळा भरताना काडीच्या टोकाशी खूण करा, आणि पाऊस पडला की नाही तेही शेजारी लिहा.