व्यत्ययाचा बंदोबस्त

संगणकाच्या चालू कामात बाहेरच्या एखाद्या उपकरणाने मध्येच वर्दी द्यावी, तिची दखल घेतली जावी, आणि मूळचे काम मात्र काही घडलेच नाही अशा रीतीने पुढे चालावे, ही इंटरप्टची व्यवस्था आज कपडे धुण्याच्या यंत्रातल्या चिपपर्यंत इतकी रुळली आहे, की तिला एके काळी एका असामान्य बुद्धीच्या मनुष्याने कित्येक महिने हरकत घेतली होती, हे सांगूनही खरे वाटू नये.

हे गृहस्थ म्हणजे एड्सगर डायक्स्ट्रा. आम्स्टरडॅमच्या गणितकेंद्रात ते १९५२ पासून प्रोग्रामर होते. त्यांचे सहकारी लोपस्ट्रा आणि स्खोल्टन यंत्रे बांधीत, आणि यंत्र उभे राहण्यापूर्वीच डायक्स्ट्रा त्याच्यासाठी कागदावर प्रोग्राम लिहून ठेवीत. ‘एक्स-१’ या नव्या यंत्रात इंटरप्टची तजवीज करावी, असे त्या दोघांनी सुचवले, तेव्हा डायक्स्ट्रा हबकले. भीती अनाठायी नव्हती. तोवर प्रोग्राम तोच आणि माहितीही तीच असेल, तर चूकही पुन्हा तीच घडे, आणि म्हणून ती पकडता येई. वर्दी कोणत्या क्षणी येईल याचाच नेम नसेल, तर तिच्यापायी उपजलेली चूक पुन्हा हुकमी घडवावी कशी?

सहकाऱ्यांनी स्तुती करकरून अखेर त्यांना राजी केले. मग त्यांनी इंटरप्टच्या योजनेचा मसुदा हाती घेतला आणि पहिलाच प्रश्न असा घातला, की बेरीज चालू असता साहेबांनी हाक मारलेल्या कारकुनाने रकाना आणि हातचा टिपून उठावे, त्याप्रमाणे या यंत्राची अवस्था प्रत्येक प्रसंगी पूर्णपणे टिपून ठेवता येते काय? उत्तर नकारार्थी निघाले. त्या योजनेत ते अशक्य आहे, असे त्यांनी सिद्धच करून दाखवले, आणि यंत्रकारांना योजना बदलणे भाग पडले. ज्या प्रसंगी ती फसली असती तो प्रसंग अत्यंत विरळा होता, हे डायक्स्ट्रांनाही मान्य होते. मला या प्रकरणाचे मर्म तेथेच दिसते; कारण इतका विरळा दोष चाचण्यांच्या हाती बहुधा लागलाच नसता, तो युक्तिवादालाच सापडला. याच विषयावरील प्रबंधाबद्दल १९५९ साली आम्स्टरडॅम विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली.

पुढे आइंडहोव्हनला ‘एक्स-८’ यंत्रावर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जी कार्यप्रणाली रचली, तिचा वृत्तांत १९६८ साली प्रसिद्ध झाला. घड्याळाच्या इंटरप्टचा सगळा कारभार तीत सर्वांत खालच्या थराकडे सोपवलेला होता. वरच्या थरांना त्याची दादही नसे. आपण दीर्घकाळ निर्दोष यंत्रसामग्रीच गृहीत धरून चाललो, अशी कबुली मात्र त्याच वृत्तांतात आहे.

या गृहीताची किंमत आम्स्टरडॅमच्याच फ्राये विद्यापीठातील अँड्र्यू टॅनेनबाउम यांना मोजावी लागली. १९८७ साली प्रसिद्ध झालेली त्यांची ‘मिनिक्स’ ही कार्यप्रणाली घडत असताना तासाभराने कोसळे, आणि त्याला ना कारण सापडे ना क्रम. त्यांनी खऱ्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम लिहिला. त्यावर ती बिनतक्रार चाले! त्यांनी हात टेकले होते, तोच रॉबर्ट व्हान रेनेसे या त्यांच्या विद्यार्थ्याने सांगितले, की इंटेलचा प्रोसेसर तापला म्हणजे १५ क्रमांकाचा इंटरप्ट देतो, असे ऐकिवात आहे. माहितीपुस्तकात याचा उल्लेख नव्हता. टॅनेनबाउम यांनी त्या क्रमांकाला एक संदेश जोडला, की मी इंटरप्ट १५, हा मजकूर तुला कधीच दिसणार नाही. आणि तासाभरात तो पडद्यावर उमटला. युक्तिवाद कितीही शुद्ध असला, तरी यंत्राच्या निर्मात्याने दिलेली कैफियत अपुरी असेल तर तो काय करणार?

२००५ च्या ‘मिनिक्स ३’ मध्ये त्यांनी उपकरणे चालवणारे प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, कर्नेलच्या, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या, बाहेर सामान्य प्रक्रियांत नेले. इंटरप्ट येताच कर्नेलने ती वाट तात्पुरती बंद करावी, ड्रायव्हरला निरोप धाडावा आणि बाजूला व्हावे; ड्रायव्हर कोसळलाच, तर दुसरा बसवावा.

इंटेलच्या संचांत मुख्य प्रोसेसरच्या आड काम करणारा एक छोटा प्रोसेसर असतो, आणि त्यावर मिनिक्सच चालते, हे २०१७ साली उघडकीस आले. त्या वेळच्या अनावृत पत्रात टॅनेनबाउम यांनी नमूद केले, की काही वर्षांपूर्वी कंपनीच्या अभियंत्यांनी त्यांच्याकडे काही फेरफार मागितले होते. परवान्याप्रमाणे वापर कळवण्याचे बंधन नव्हते, पण सौजन्य म्हणून कळवले असते तर बरे वाटले असते, असेही त्यांनी लिहिले.